उत्तराची उधारी

मरीमाता चौकातून बाणगंगेकडे निघालं की इंदूर हळूहळू दुकानांचं शहर राहत नाही, कारखान्यांचं होत जातं. हा रस्ता पुढे सांवेरवरून उज्जैनला जातो. पण इंदूरकर ‘सांवेर रोड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात गाव नसतं, औद्योगिक वसाहत असते. ए, बी, सी अशी अक्षरं लावलेले सेक्टर, पत्र्याच्या शेड, एका गल्लीत तळणाचा वास, दुसरीत औषधांचा, तिसरीत नुकत्याच कापलेल्या लोखंडाचा. अवाढव्य कारखाने इथे थोडेच. बहुतेक ठिकाणी वीस, तीस, पन्नास माणसं, एक शेठजी, त्यांचा मुलगा किंवा पुतण्या, आणि फाटकाला लटकवलेली पाटी : ‘आवश्यकता है’. खाली खडूनं लिहिलेलं असतं, टर्नर, फिटर, पॅकिंगसाठी महिला, अकाउंटंट.

या वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. हिशेब माझ्याकडे होते आणि भरतीही माझ्याकडेच होती. लहान कारखान्यात ही दोन टेबलं वेगळी नसतात. मुलाखत देऊन माणूस फाटकाबाहेर पडला की आत काय घडतं, हे मी रोज पाहिलं आहे. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं. ज्यानं मुलाखत दिली त्यानं पुन्हा जाऊन विचारावं, आणि बिनदिक्कत विचारावं. त्याचं एक उत्तर त्या फाटकाकडे येणं आहे.

हे आता लिहायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि सांवेर रोडवरच्याच एका वर्कशॉपमध्ये मुलाखत दिली. मुलाखत म्हणजे इथे बहुधा ट्रायल असते. कागदपत्रं दोन मिनिटांत चाळायची आणि लेथवर उभं करून एक नग काढायला सांगायचा. त्यानं नग काढला, सुपरवायझरनं व्हर्निअर लावून माप पाहिलं, मान हलवली. शेठजी म्हणाले, ‘आठ-दस दिन में बताते हैं.’ आठ-दहा दिवस झाले, पुढचा आठवडाही सरला. मुलगा घरात फोन उशाशी घेऊन झोपायला लागला. दुसऱ्या दोन ठिकाणच्या जाहिराती आल्या, त्याही त्यानं जाऊ दिल्या, कारण हे ‘जवळजवळ झाल्यासारखं’ होतं. मी म्हटलं, जाऊन विचार. तर म्हणाला, ‘मावशी, पुन्हा गेलो तर त्यांना वाटेल हा गळ्यातच पडतोय.’ ताईचंही तेच. ‘सारखं विचारलेलं बरं दिसत नाही गं.’

हे ‘बरं दिसत नाही’ आमच्या घरात फार जुनं आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी माणसांनी दरबाराची चाकरी केली. अर्ज करायचा, हुकुमाची वाट पाहायची. संस्थान गेलं, १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. आमची माणसं शाळांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत गेली. तिथेही रीत तीच : अर्ज, परीक्षा, यादी, नेमणुकीचं पत्र. रामबागेतल्या आणि नारायणबागेतल्या जुन्या घरांत अशा पत्रांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्या घरांना पत्राची वाट पाहणं म्हणजे सभ्यपणा वाटतो, आणि पत्र यायच्या आत दारात जाऊन उभं राहणं म्हणजे लाचारी. ज्या जगात पत्र खरोखर येत होतं, त्या जगात हे बरोबरच होतं.

सांवेर रोडवरचा मालक मात्र दुसऱ्याच वळणात वाढलेला. बहुधा तो व्यापारी घराण्यातला असतो आणि त्याचा अर्धा दिवस इतरांना आठवण करून देण्यात जातो. आमचे शेठजी सकाळी आले की अगरबत्ती लावायचे आणि फोन घेऊन बसायचे. ‘भाईसाहब, वो फरवरी वाला बिल रह गया है.’ आवाजात राग नसायचा, दीनवाणेपणा नसायचा. समोरचा म्हणायचा, पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी यांचा फोन पुन्हा त्याच आवाजात. तगादा लावणाऱ्याला इथे कुणी हलकं समजत नाही. उलट जो आपलं येणं मागत नाही, त्याच्या धंद्याबद्दलच लोकांना शंका येते. भाच्याला मी हेच सांगितलं, की ज्या माणसाकडे जायला तू संकोचतोस, तो स्वतः रोज सकाळी हेच काम करतो.

आणि त्या शेठजींच्या मागण्यामागे कायदा उभा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान कारखान्यानं दिलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. आता तर आयकराच्या नियमांतही ही मुदत आली आहे. ती उलटून गेल्यावर थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात दाखवता येत नाही. सांवेर रोडवरच्या शेठजींना हे ४५ दिवस तोंडपाठ असतात. तरीही तक्रार करायला ते सहसा धजत नाहीत, कारण गिऱ्हाईक मोठं असतं आणि ते तुटलं तर काय, ही धास्ती असते. मला यात भाच्याचीच अवस्था दिसते. विचारलं तर नोकरी जाईल या भीतीनं तो गप्प, आणि तक्रार केली तर ऑर्डर जाईल या भीतीनं शेठजी गप्प. फरक इतकाच की शेठजींकडे निदान मुदत लिहिलेला कागद आहे. उमेदवाराकडे तो नाही.

आता फाटकाच्या आतलं सांगते. बाहेर वाट पाहणाऱ्याला वाटतं, आपण नापसंत ठरलो म्हणून हे बोलत नाहीत. बहुतेक वेळा तसं नसतं. सगळ्यात नेहमीचं कारण असं की पसंत पडलेला पहिला माणूस दुसरीकडे नोकरीला असतो, त्यानं तिथे राजीनाम्याची मुदत दिलेली असते, आणि तो प्रत्यक्ष येऊन मशीनवर उभा राहीपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नाही म्हणायची मालकाची तयारी नसते. कधी ज्या ऑर्डरच्या भरवशावर माणूस घ्यायचा ठरलं, ती ऑर्डरच पुढे ढकललेली असते. होळीच्या आधी झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं भगोरियाला गावी जातात. त्यातली कितीजण परततात यावर पॅकिंगच्या जागा ठरतात आणि तोवर सगळ्यांनाच ‘देखते हैं’ सांगितलं जातं. नमकीनवाल्यांकडे दिवाळीच्या आधी एकदम भरती निघते आणि दिवाळी संपली की ती पाटी उतरते, मधल्या मुलाखती तशाच लोंबकळत राहतात.

याहून साधं कारण म्हणजे निरोप द्यायचा ज्याच्याकडे असतो तो माणूस दुसऱ्याच कामात बुडालेला असतो. माझ्या टेबलाचा महिना असा जायचा : ७ तारखेच्या आत पगार, त्याच दिवसापर्यंत टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरण, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचा भरणा. या तारखांना चुकलं तर दंड बसतो. उमेदवाराला फोन करायचा चुकला तर काहीच होत नाही. ज्या कामाला दंड नाही ते काम ढिगाच्या तळाशी जातं, आणि माणूस वाईट नसला तरी जातं. म्हणून ओळखीची मुलं मला विचारतात तेव्हा मी सांगते, २१ तारखेनंतर जा. जेवणाची सुट्टी झाल्यावर, गाड्या भरायची गडबड सुरू व्हायच्या आत. महिनाअखेरीला जाऊ नका, तेव्हा बिलं काढायची धावपळ असते. मेसेज केलात तर दोनच ओळी लिहा : अमक्या दिवशी टर्नरच्या जागेसाठी ट्रायल दिली होती, निर्णय झाला आहे का, नसेल तर केव्हा विचारू. लांबलचक विनंत्या वाचायला त्या टेबलावर कुणाला वेळ नसतो. आणि खरं तर पहिला प्रश्न मुलाखतीच्या खुर्चीतून उठण्यापूर्वीच विचारावा, की मला कळेल केव्हा आणि मी फोन कुणाला करायचा. एवढं विचारणाऱ्या मुलाकडे शेठजी जरा नीट पाहतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक धोक्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आतून उत्तर येत नाही तेव्हा बाहेरून उत्तरं यायला लागतात. चौकीदार सांगतो, ‘आपका तो हो गया समझो.’ सुपरवायझर चहाच्या टपरीवर खांद्यावर हात ठेवून सांगतो, साहेबांनी नाव लिहून घेतलंय. या बोलण्यात खोटेपणा नसतो, आपुलकीच असते. पण तेवढ्यावर हातातली नोकरी सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. इंग्लंडमध्ये १९०८ साली नेमकं असंच एक प्रकरण न्यायालयात गेलं होतं, पॉवेल विरुद्ध ली. आपल्याकडे कायदा शिकणारी मुलं ते आजही अभ्यासतात. एका शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पॉवेल उमेदवार होता. व्यवस्थापकांनी त्याला नेमायचा ठराव केला, आणि त्यांच्यातल्या एकानं, तसा अधिकार दिलेला नसताना, त्याला ही बातमी कळवली. नंतर मंडळानं ठराव फिरवला आणि दुसऱ्याला नेमलं. पॉवेलनं दावा लावला आणि तो हरला. न्यायालयानं म्हटलं, नेमणाऱ्यांनी अधिकृतपणे कळवलंच नव्हतं, म्हणून करार झालाच नाही. बंद खोलीत तुमची निवड झाली असली तरी ज्याला सांगण्याचा अधिकार आहे त्यानं सांगेपर्यंत तुमच्या हाती काही नसतं. म्हणून विचारायचं ते टपरीवर नाही, टेबलासमोर.

सरकारी नोकरीत तरी हे सुखाचं असेल असं कुणी समजू नये. याच शहरात, रेसिडेन्सी भागात, मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय आहे. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे २०२२ पासून आयोगानं निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन भागांत विभागले. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडलं, आणि तेव्हाही १३ टक्के भागातल्या मुलांचा निकाल रोखलेलाच राहिला. भंवरकुआंच्या खोल्यांत राहून, मुलाखत देऊन आलेली ही मुलं गावाकडे कुणाला काय सांगत असतील? पण त्यांच्याजवळ निदान माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, ३० दिवसांची मुदत आहे, उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आहे. खासगी वर्कशॉपमध्ये ट्रायल दिलेल्या मुलाकडे यातलं काहीही नाही. त्याच्याकडे फक्त स्वतःचा आवाज आहे.

आमच्याकडे एक मुनीमजी होते. त्यांचे वडील हुकुमचंद मिलमध्ये विणाई खात्यात होते. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांचं घेणं न्यायालयात अडकलं. मालकाकडून, सरकारकडून, न्यायालयाकडून, कुठूनतरी काहीतरी कळेल म्हणून त्या माणसांनी तीस वर्षांहून अधिक वाट पाहिली. अखेर २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला, जवळपास ४,८०० कामगारांसाठी. कितीतरी घरांत ते पैसे वारसांनी घेतले. मुनीमजींच्या घरातही. ‘पिताजी रोज पूछते थे, कुछ खबर आई क्या,’ एवढंच ते त्याबद्दल बोलायचे, आणि मग विषय बदलायचे.

या मुनीमजींनी आपली लांब लाल वही उलटी करून मागच्या बाजूनं एक नोंद ठेवली होती. मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोन, कामाचा प्रकार, आणि शेवटच्या रकान्यात ‘कह दिया’ असा शेरा. जागा भरली की संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमारास ते फोन घेऊन बसत. ‘भैया, इस बार दूसरे को रख लिया है. आपका काम अच्छा था, माप में थोड़ा फर्क आ रहा था. आप अपना देख लो.’ पुरता एक मिनिटही लागत नसे. कुणी पलीकडून भांडल्याचं मी कधी ऐकलं नाही. बहुतेक जण आभार मानत. कुणी एखादा विचारी, माप कुठे चुकलं, आणि मुनीमजी सुपरवायझरला हाक मारून फोन त्याच्या हातात देत. हे त्यांना कुणी सांगितलेलं काम नव्हतं, त्याचे पैसे मिळत नव्हते.

पण त्याचं फळ कारखान्याला मिळत होतं. सांवेर रोड लांबलचक असला तरी बातमी टपरीवरून टपरीवर चालते. कुठल्या फाटकावर उत्तर मिळतं हे इथल्या मुलांना माहीत असतं. आमच्याकडे नाकारलेला मुलगा वर्षभरानं पुन्हा यायचा, तेव्हा त्याचा हात बसलेला असायचा. कधी तो स्वतः यायचा नाही, भावाला धाडायचा. कुशल कारागीर मिळत नाही म्हणून वसाहतीत सगळेच मालक हळहळतात. ज्या माणसाला आपण एकदा दारात बोलावलं त्याला नीट शब्दांत निरोप दिला तर तो परत येतो, हा हिशेब मात्र फार थोडे करतात. मुनीमजी निवृत्त झाल्यावर ती वही मी चालवली. त्या रकान्यात शेरा लिहिताना दर वेळी मन हलकं व्हायचं.

आता कुणी म्हणेल, ही एकेका माणसाच्या भलेपणाची गोष्ट झाली, नियम कसा करणार? नियम होतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं तो केला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या मालकानं जाहीर जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत उमेदवाराला कळवावं लागतं की भरतीचा निर्णय झाला की नाही. हा आकडा वाचला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. ४५ दिवस! आमच्या शेठजींना बिलाच्या पैशासाठी जी मुदत आहे, तीच तिकडे उमेदवाराच्या उत्तरासाठी. २५ हा आकडाही आपल्याला अनोळखी नाही. १९५९ साली आपल्या संसदेनं कायदा केला होता की २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात. जागा निघाली हे सरकारला कळवायचं बंधन आपण इतक्या आधी घातलं. त्या जागेसाठी भाडं खर्चून आलेल्या माणसाला काही कळवायचं बंधन कुणाला सुचलं नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. वसाहतीत उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या बैठका होतात, वीज, पाणी, रस्ता यांवर ठराव होतात. त्यातल्या एका बैठकीत एवढं ठरावं, की ‘आवश्यकता है’च्या पाटीवर खाली एक ओळ वाढवायची : उत्तर अमुक तारखेपर्यंत, या नंबरवर. खडू तोच, पाटी तीच. तारीख समोर लिहिलेली असली की आतल्या टेबलावरही ती ७, ११, १५, २० च्या रांगेत जाऊन बसते. आणि बाहेरच्या मुलाला विचारायला जाताना कुणाच्या मेहेरबानीची गरज उरत नाही, पाटीकडे बोट दाखवलं की झालं.

भाचा अखेर गेला. २३ तारखेला, दुपारी जेवणानंतर, इस्त्रीचा शर्ट घालून. चौकीदारानं अडवलं तेव्हा म्हणाला, ट्रायल दिली आहे, फक्त उत्तर न्यायला आलोय. आत सोडलं. शेठजी नव्हते, त्यांचा पुतण्या होता. त्यानं फाईल काढली आणि सरळ सांगितलं, ‘आपका हाथ साफ है, लेकिन हमको सीएनसी पर प्रोग्राम लगाने वाला चाहिए था, वो मिल गया.’ जाहिरातीत सीएनसीचा उल्लेखच नव्हता. भाच्यानं तेही त्याला सांगितलं, आवाज न चढवता, आणि विचारलं की पुढे अशी जागा निघाली तर किती शिकलेला माणूस चालेल. पुतण्यानं कागदावर मशीनच्या कंट्रोलचं नाव लिहून दिलं.

घरी येऊन तो जेवला आणि झोपला. फोन त्या रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सांवेर रोडलाच गेला, सेक्टर ई मध्ये, इंडो-जर्मन टूल रूममध्ये. सीएनसीच्या छोट्या अभ्यासक्रमाची पुढची बॅच केव्हा सुरू होते आणि शुल्क किती, हे विचारायला.